आईला न ओढता येणारं पिस्तूल

जबाब

मी, श्रीमती अल्बिना लिओनार्ड कुबेना, वय ६९ वर्षे, धंदा थोडी शेती व गुरं, पूर्वी शाळेची बस चालवत होते, राहणार चर्चच्या पुढे ओढ्याच्या वळणावरचं पांढरं घर, टेक्सास, आज झावळ्यांच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी संध्याकाळी शेरीफ कचेरीत स्वतः येऊन, विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी एकटी राहते. माझे पती लिओनार्ड दोन वर्षांपूर्वी वारले. "एकटी" हा शब्द लिहिताना साहेबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, म्हणून परत सांगते, एकटी. मला कोणी टाकलेलं नाही आणि मी कोणावर रुसून बसलेली नाही. घर माझं आहे, गुरं माझी आहेत, आणि सकाळी कॉफी किती कडक करायची हे मला कोणाला विचारावं लागत नाही.

मला दोन मुलं. मुलगी अ‍ॅनेट ह्यूस्टनला असते. मुलगा रॉयस, वय ४४, केटी इथे राहतो, घरांची छपरं बसवण्याची कंत्राटं घेतो. हा जबाब त्याच्याविरुद्ध आहे. लिहून घेणारे उपशेरीफ वेंडेल ओर्साक लहानपणी माझ्याच बसने शाळेत जायचे आणि मागच्या बाकावर बसून खोड्या काढायचे, तेव्हा ते मला ओळखतात आणि मीही त्यांना ओळखून आहे. सुरुवातीलाच ते म्हणाले, "मॅडम, घरातली गोष्ट आहे. कागदावर कशाला आणता?" मी म्हटलं, "वेंडेल, कागद पुढे घे आणि लिही." त्याप्रमाणे ते लिहीत आहेत.

आमच्या घरी बंदूक नवीन नाही. लिओनार्डची लांब बंदूक घेऊन मी कोंबड्यांच्या खुराड्यातले साप मारलेले आहेत. पण मागच्या उन्हाळ्यात माझ्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि लांब बंदूक खांद्याला लावायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यानंतर शेजारच्या शेतावर चोर आले, पंपाची तांब्याची तार तोडून घेऊन गेले. कोणाला इजा झाली नाही. पण रॉयसला तेवढं निमित्त पुरलं. त्याचं म्हणणं, मी घर विकावं आणि त्यांच्या गॅरेजवरच्या खोलीत राहायला यावं. त्या खोलीला त्याने मला न विचारता फिका पिवळा रंगही देऊन ठेवला होता. मला पिवळा रंग आवडत नाही, हे त्याला चव्वेचाळीस वर्षांत कळलेलं नाही.

नाताळच्या दिवशी जेवण झाल्यावर त्याने मला एक खोका दिला. वर लाल फीत. आत पिस्तूल. आमच्या भागात मुलगा आईला, नवरा बायकोला असं पिस्तूल भेट देतो, त्यात जगावेगळं काही नाही. पण नवा तवा आणताना तरी बाईला विचारतात, मूठ हाताला बसते का म्हणून. पिस्तूल आणताना विचारत नाहीत. रॉयस म्हणाला, "बघ आई, किती बारीक आहे. पर्समध्ये टाकलंस तर कळणारसुद्धा नाही. बायकांसाठी हेच घ्यायचं असतं." मग ते पिस्तूल बारशाच्या बाळासारखं सगळ्यांच्या हातातून फिरलं. रॉयसचे दोन मित्र आले होते, त्यांनीही वाहवा केली. ज्या माझ्यासाठी ते होतं, त्या माझ्या हातात ते सगळ्यांत शेवटी आलं.

पिस्तूल लहान होतं. इतकं लहान की मुठीवर माझी दोनच बोटं बसत होती आणि करंगळी हवेत. असल्या पिस्तुलाचा वरचा भाग, ज्याला स्लाइड म्हणतात, तो मागे ओढून सोडला की गोळी नळीत जाते. तो ओढल्याशिवाय पिस्तूल म्हणजे नुसता लोखंडाचा तुकडा. मला तो ओढता आला नाही. माझ्या दोन्ही अंगठ्यांत वात आहे. मी तीनदा ओढायचा प्रयत्न केला, तो अर्ध्यावर येऊन परत गेला. दुसऱ्यांदा रॉयसच्या मित्राने खोकल्यासारखं केलं. तिसऱ्यांदा सगळे हसले. त्यात अ‍ॅनेटही होती.

नंतर खळ्यामागच्या बंधाऱ्यावर नेऊन रॉयसने स्वतः स्लाइड ओढून दिली आणि मला एक गोळी झाडायला लावली. पिस्तूल हातातून उसळलं आणि अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी सोलून निघाली. गोळी कुठे गेली ते देवाला ठाऊक. रॉयस म्हणाला, "होईल सवय. जरा जोर लाव ना, आई." मी म्हटलं, "जोर असता तर तुला तिथेच एक ठेवून दिली असती." तो हसला. मी हसत नव्हते.

घरात परत आल्यावर तो सगळ्यांसमोर म्हणाला, "ईस्टरपर्यंतची मुदत. तोवर पिस्तूल नीट चालवून दाखव, मी घराचं नावसुद्धा काढणार नाही. नाही जमलं तर ओढ्यावरचं घर विकायचं आणि तू आमच्याकडे यायचं. ठरलं?" मी माझ्या स्वतःच्या टेबलाशी, माझ्या स्वतःच्या हाताने भाजलेलं बदक खाल्लेल्या माणसांसमोर उभी होते. मी म्हटलं, "ठरलं." साहेब विचारतात, असं कबूल का केलं. रागाच्या भरात केलं. पण शब्द दिला तो दिला.

पुढे दोन महिने मी रोज त्या स्लाइडशी झटापट केली. ती मला दाद देईना. अंगठे असे सुजले की कोलाचीचं, म्हणजे आमच्या गोड पावांचं, पीठ मळता येईना, आणि चर्चच्या विक्रीसाठी खसखशीच्या कोलाची मी लग्न झाल्यापासून दरवर्षी करून देते. फादरांना कळवलं की यंदा बरं नाही. घर हातचं जातंय अशी माझी खात्रीच झाली होती. कोणत्या वस्तू बरोबर न्यायच्या याचा विचारही मी एकदा केला. फक्त एकदाच.

चर्चच्या सभागृहात गुरुवारी आम्ही पत्ते खेळतो. तिथे माझी मैत्रीण बर्निस यानाक हिने माझ्या अंगठ्यांवरच्या पट्ट्या पाहिल्या आणि काय झालं ते माझ्याकडून काढून घेतलं. ती स्वतः बरीच वर्षं पिस्तूल बाळगते. ती म्हणाली, "अगं बये, तुझ्या हाताला दोष देतेस होय? ते पिस्तूल लपवायला बरं असतं, शिकायला नाही. तो रॉयस स्वतः तरी चालवतो का असलं?" तो चालवत नाही. त्याचं स्वतःचं पिस्तूल याच्या दुप्पट आहे. हे मला तोवर सुचलं नव्हतं, याचा मला अजून राग येतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पिस्तुलांच्या दुकानात गेलो. दुकानाचं नाव सांगण्याची गरज नाही. काउंटरवर दाढीवाला एक तरुण होता. त्याने विचारलं, "मिस्टर नाही आले बरोबर?" बर्निस म्हणाली, "मिस्टर चर्चमागे पुरलेत. उठवून आणू का?" त्यावर तो जरा वरमला. तरी पहिल्यांदा काढलंच त्याने तसलंच एक चिमुकलं, तेही जांभळ्या मुठीचं. मी म्हटलं, "बाळा, मला ते केसांत माळायचं नाही. ठेव आत."

मी त्याला सांगितलं ते इथे लिहून घ्यावं, कारण माझं पिस्तूल मी कसं निवडलं हा प्रश्न रॉयसने काढलेला आहे. मी आयुष्यभर बस चालवली. खड्ड्यात मोठी बस डुलते, पण छोटी मोटार टाणकन उडते. पिस्तुलाचंही तसंच असणार. हलकं आणि आखूड म्हणजे सगळा दणका माझ्या हाताला. तेव्हा मला जरा वजन असलेलं दाखव. त्याने मग एकदम जाडजूड दाखवलं. ते मुठीत मावेना आणि बोट चापापर्यंत पोचेना. तेव्हा माझ्या लक्षात आलं की रॉयसचं "बारीक" म्हणणं तेवढं बरोबर होतं. माझा पंजा अरुंद आहे, मूठ बारीकच हवी. पण बारीक हवी म्हणजे आखूड हवी असं कोणी सांगितलं? त्याने दोन्ही एकच धरलं. त्याला लपवायचं होतं. मला धरायचं होतं.

दुकानामागे पैसे भरून वेगवेगळी पिस्तुलं झाडून पाहता येतात. मी चार झाडून पाहिली. चौथं मला बसलं. पातळ, पण मूठ लांब, चारही बोटं नीट टेकत होती. नळी थोडी लांब, नेमाचा ठिपका चष्म्याशिवाय दिसत होता. गोळी जरा हलकी, त्यामुळे आतली स्प्रिंग मऊ, आणि स्लाइड मी ओढली, ती लोणी कापल्यासारखी मागे आली. मी ती परत ओढली. मग परत. बर्निस तोंड फिरवून भिंतीकडे बघत राहिली, कारण माझे डोळे भरले होते आणि तिला ते दिसायला नको होतं. दाढीवाला म्हणाला, "पण काकू, लोक म्हणतात ही गोळी जरा लहान पडते." मी म्हटलं, "त्या लोकांना माझ्या स्वयंपाकघरात पाठव, तिथे विचारू." ते पिस्तूल मी माझ्या नावावर रीतसर घेतलं.

त्यानंतर दर आठवड्याला बर्निस आणि मी तिथे जात होतो. बर्निस मागे उभी राहून एकच गोष्ट बडबडायची, "बोट बाहेर, अल्बिना. समोर काय आहे ते दिसेपर्यंत बोट चापाबाहेर." मला त्याचा कंटाळा आला होता. कागदावरच्या माणसाच्या छातीत माझ्या सगळ्या गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसू लागल्या होत्या.

हे मी रॉयसला सांगितलं नाही. का सांगितलं नाही, हा साहेबांचा प्रश्न. सांगितलं असतं तर तो शनिवारी आला असता, ते हातात घेऊन उलटंसुलटं केलं असतं, आणि हे का नाही आणि ते का नाही हे मला तासभर समजावलं असतं. मला पुढच्या रविवारी, ईस्टरच्या जेवणानंतर, सगळ्यांसमोर टेबलावर ठेवून फक्त एकदा ओढून दाखवायचं होतं. माझं पिस्तूल पलंगाशेजारच्या कुलपाच्या पेटीत होतं. त्याने दिलेलं त्याच्या खोक्यात, कपाटाच्या खणात. तो मध्ये एकदा आला तेव्हा त्याने खण उघडून ते जागेवर आहे की नाही ते पाहिलं आणि विचारलं, "जमतंय का?" मी म्हटलं, "नाही." ते खोटं नव्हतं. ते मला आजही जमत नाही.

आता आजचं. सकाळी चर्चमध्ये मिस्सा झाली, झावळ्या वाटल्या, मी घरी येऊन जेवले आणि नेहमीप्रमाणे पडदे ओढून आडवी झाले. रविवारी दुपारी मी झोपते हे घरच्यांना माहीत आहे. झोप लागते न लागते तोच मागच्या जाळीच्या दाराची कडी कोणीतरी कशाने तरी उचकटतंय असा आवाज आला. मी बोबिकच्या भुंकण्याची वाट पाहिली. बोबिक माझा कुत्रा. ओढ्यापलीकडून कोणी चालत गेलं तरी तो घर डोक्यावर घेतो. तो भुंकला नाही. मला वाटलं, त्यांनी माझा कुत्रा मारला.

मी फोनवर मदत मागितली, घराचा ठिकाणा सांगितला आणि फोन चालूच ठेवून पलंगावर ठेवला. त्यामुळे पुढचं सगळं तुमच्याकडे आवाजात आहे, ते तपासून घ्यावं. पेटी उघडली. पिस्तूल काढलं. स्लाइड ओढली. खोलीच्या दाराआड भिंतीला टेकून उभी राहिले. स्वयंपाकघरातून बुटांचा आवाज पुढे येत होता. घाई नव्हती त्या चालण्याला. मी ओरडले, "कोण आहे? माझ्या हातात पिस्तूल आहे. आहेस तिथे थांब."

इसम मधल्या बोळात थांबला. अंगात शिकारीचं ठिपक्याठिपक्यांचं जाकीट, डोक्यावर टोपी, आणि टर्की पक्ष्याच्या शिकारीला तोंडावर बांधतात ती जाळी डोळ्यांखालपर्यंत. तो हसला. मग आवाज जाड करून म्हणाला, "पिस्तूल आहे होय? ते ओढता तरी येतं का म्हातारीला?"

साहेब म्हणतात, हे वाक्य ऐकून तरी मला कळायला हवं होतं. ही गोष्ट नाताळला आमच्या घरी असलेल्यांना आणि बर्निसलाच ठाऊक होती. खरं आहे. पण मला वाटलं, हा माणूस कितीतरी दिवस माझ्यावर पाळत ठेवून आहे, खिडकीतून मला त्या पिस्तुलाशी झटताना त्याने पाहिलंय. घरचंच कोणी असेल हे मनात आलं नाही. यायला हवं होतं असं वाटत असेल तर साहेबांनी घरी जाऊन स्वतःच्या मुलांबद्दल तसा विचार करून बघावा.

तो पुढे आला. त्याने हात वर केला, हातात काहीतरी होतं आणि त्यातून लख्ख उजेड माझ्या डोळ्यांवर पडला. मला काही दिसेना. मी बोट चापावर आणलं. साहेब विचारतात, चाप दाबला होता का. हो, दाबला होता. माझ्या पिस्तुलाचा चाप थोडा सैल येतो, मग अडतो, आणि अडल्यावर जरा दाबलं की सुटतो. अडतो तिथपर्यंत दाबला होता. लिहा. मला असं सुचवण्यात आलं की हे वाक्य नसलेलं बरं, उद्या वकील त्याचा अर्थ लावतील. लावू देत. त्यापुढे काही झालं नाही, म्हणून त्यापुढे लिहायला काही नाही.

उजेड खाली गेला. इसमाने जाळी हनुवटीखाली ओढली. तो रॉयस होता. त्याची नजर माझ्या चेहऱ्याकडे नव्हती, माझ्या हाताकडे होती. माझ्या मुलाने मला विचारलेला पहिला प्रश्न असा, "आई, हे कुठलं पिस्तूल? हे मी दिलेलं नाही."

मी म्हटलं, "पालथा पड."

तो म्हणाला, "आई, मी आहे. रॉयस."

मी म्हटलं, "दिसतंय मला. जमिनीवर पालथा पड. हात पसर."

तो पडला. बोळातली फरशी कालच पुसली होती, त्यामुळे त्याचं काही बिघडलं नाही. मी बोट बाहेर काढलं, पिस्तुलाचं तोंड जमिनीकडे केलं आणि तुमची माणसं येईपर्यंत तशीच उभी राहिले. मी त्याच्यावर पिस्तूल रोखून धरलं अशी त्याची तक्रार आहे असं समजतं. आधी रोखलं होतं, हे बरोबर. तो रॉयस आहे हे कळल्यावर रोखलेलं नव्हतं. पण त्याला उठूही दिलं नाही. फोनवरची तुमची बाई मध्येच मोठ्याने म्हणाली, "मॅडम, तो तुमचा मुलगा आहे का?" मी म्हटलं, "आहे. तरी गाडी पाठवा."

पडल्या पडल्या तो बोलत होता. तो म्हणाला की हे सगळं माझ्या भल्यासाठी. त्याला अ‍ॅनेटला दाखवायचं होतं की आई एकटी असताना कोणी आलं तर काय होईल, म्हणून तो फोनवर चित्रण करत होता. म्हणजे मी भेदरलेली, त्या कपाटातल्या पिस्तुलाशी झटणारी, रडणारी, असं चित्रण. ते ईस्टरच्या जेवणानंतर सगळ्यांना दाखवायचं आणि घराचा विषय संपवायचा. मी विचारलं, "आणि मी गोळी घातली असती तर?" त्यावर तो जे म्हणाला ते मी शब्दशः सांगते, आणि ते शब्दशः लिहावं. तो म्हणाला, "तुला ते ओढता येत नाही हे माहीत होतं, म्हणून तर आलो ना. नाहीतर कोण जीव धोक्यात घालेल?"

लिहिलंत? वाचून दाखवा. बरोबर आहे.

म्हणजे असं. त्याने मला संरक्षणासाठी पिस्तूल दिलं, आणि ते माझ्या हातून चालणार नाही या भरवशावर तो माझ्या घरात शिरला. नाताळला सगळे हसले तेव्हा त्यानेही ते पाहिलं होतं. त्याला ते बदलून आणता आलं असतं. दुकान चोवीस मैलांवर आहे. त्याने ते तसंच खणात राहू दिलं, आणि मध्ये येऊन तिथेच आहे ना ते पाहून गेला. मला वाटलं होतं तो माझी काळजी करतोय. साहेबांनी इथे "गैरसमजातून" असा शब्द घातला होता, तो मी खोडायला लावला आहे. गैरसमज कोणाचा झालेला नाही. माझ्या मुलाला त्याची आई काय करू शकत नाही हे पक्कं माहीत होतं. फक्त त्याची माहिती जुनी झाली होती.

कुत्रा जिवंत आहे. तो मागच्या ओट्यावर सॉसेजचं कडं खात बसलेला सापडला. ते सॉसेज माझ्याच, मांस धुरावर टिकवायच्या खोलीतलं होतं. त्या कुत्र्याचाही मला राग आलेला आहे, पण त्याच्याविरुद्ध माझी तक्रार नाही.

रॉयसचा फोन तुम्ही ताब्यात घेतला आहे. त्यातलं चित्रण अ‍ॅनेटला दाखवायचं होतं ना, तिला जरूर दाखवावं. पूर्ण दाखवावं, मध्येच बंद करू नये. त्यात माझा चेहरा दिसेल. त्या वेळी माझा चेहरा कसा होता हे मला स्वतःला पाहायचं नाही.

मला विचारलं, तुमची मागणी काय. त्याने माझ्या दाराची कडी उचकटली, ती त्याने स्वतःच्या हाताने नवी बसवून द्यावी. छपरं बसवतो, कडी बसवता येईल. त्याच्याकडची माझ्या घराची किल्ली मला परत हवी. किल्ली असून त्याने कडी तोडली, कारण किल्लीने आला असता तर चोर वाटला नसता. त्याला तुरुंगात घाला असं मी म्हणत नाही. घालू नका असंही म्हणत नाही. ते तुमचं काम आहे, माझ्यावर ढकलू नका. घर विकण्याचा विषय संपलेला आहे. ईस्टरपर्यंत जमवून दाखव असं ठरलं होतं, ते मी एक आठवडा आधीच दाखवलं, आणि त्याच्यापेक्षा जवळून कोणी पाहिलं नसेल.

पुढच्या रविवारी रॉयस आणि सुनेला जेवायला बोलावलेलं आहे. हॅम आणून ठेवलं आहे. ते आमंत्रण मी रद्द केलेलं नाही. त्याने यावं की नाही हे त्याचं त्याने बघावं. आला तर पुढच्या दाराने यावं, बेल वाजवावी आणि मी "ये" म्हणेपर्यंत बाहेर उभं राहावं.

माझं पिस्तूल सरकारी वकील पाहीपर्यंत इथेच ठेवावं लागेल असं मला सांगण्यात आलं. त्याची पावती मिळाली. मग साहेब म्हणाले, "मॅडम, आज तरी एकट्या राहू नका. अ‍ॅनेटला बोलावून घ्या, नाहीतर बर्निसकडे जा. घरात तुमच्या कामाचं पिस्तूलही नाही." त्यावर माझं उत्तर असं की लग्न होऊन त्या घरात आल्यापासून आजपर्यंत जबरदस्तीने आत शिरलेला माणूस एकच. तो सध्या तुमच्या शेजारच्या खोलीत तुमची कॉफी पितो आहे. मग घरी मला भीती कोणाची? मी घरी जाणार आहे. एकटी.

वरचा सगळा मजकूर उपशेरीफ ओर्साक यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोलले तसाच तो उतरला आहे, त्यात कोणी भर घातलेली नाही आणि मी कोणाच्या दबावाखाली काही सांगितलेलं नाही. खालची सही माझीच आहे. ती माझ्या नेहमीच्या सहीसारखी दिसत नाही असं साहेबांनी दाखवून दिलं, म्हणून दुसऱ्या पेनाने परत केली, तीही तशीच वेडीवाकडी आली. या कचेरीतली पेनं खराब आहेत. तसं लिहा.

(सही) अल्बिना एल. कुबेना